सूक्ष्म कुलपे आणि पेढीची शिस्त

व्यापारी घरात तिजोरीला देवघराच्या खालोखाल मान असतो. दिवाळीत चोपडापूजन होते तेव्हा नव्या वह्यांबरोबर तिजोरीलाही कुंकू लागते, आणि किल्ली कोणाच्या कमरेला आहे यावरून घरातील कारभार कोणाच्या हाती आहे हे न विचारता कळते. माझा स्वतःचा व्यवसाय पेढीचा नव्हे. परंतु बँकेतील नोकरीमुळे आयुष्याची चौतीस वर्षे कुलपांच्या सहवासातच गेली. १९८४ साली मी बँकेत रुजू झालो तेव्हा शाखेच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असत. एक रोख विभागाच्या अधिकाऱ्याकडे आणि दुसरी लेखापालाकडे. दोघे एकत्र आल्याखेरीज दार उघडत नसे. हा एकमेकांवरील अविश्वास नव्हता. एका माणसाच्या मोहाला, भीतीला किंवा विसराळूपणाला संपूर्ण रोकड सोपवायची नाही, एवढाच त्यामागील विचार होता.

पैसे दूरच्या गावी तारेने पाठवायचे असत तेव्हाही अशीच काळजी घेतली जाई. तारेच्या मजकुरासोबत एक सांकेतिक आकडा जाई. रक्कम, तारीख इत्यादींवरून तो एका गुप्त पुस्तकातील कोष्टकांच्या आधारे काढलेला असे. पलीकडच्या शाखेने स्वतः तोच हिशेब करावा आणि आकडा जुळला तरच रक्कम अदा करावी, असा दंडक होता. आज ज्याला आपण संगणकीय सुरक्षा म्हणतो, तिचे मूळ तत्त्व या दोन पद्धतींत पूर्णपणे आलेले आहे.

आता ती स्ट्राँगरूम, ते कोष्टकांचे पुस्तक आणि ती तार, सारे काही आपल्या तळहातावरील फोनमध्ये सामावले आहे. विरार लोकलमध्ये उभ्या उभ्या माणूस लाखाची रक्कम सुरतेच्या व्यापाऱ्याला पाठवतो आणि पुढच्या स्थानकावर उतरतो. हे कसे शक्य झाले, आणि त्यात आपली रोकड किती सुरक्षित आहे, हे दोन प्रश्न निवृत्तीनंतर माझ्या मनात घर करून बसले. त्यानिमित्ताने जे वाचले आणि आपल्या वसई-विरारमधील काही घरांत जे पाहिले, ते वाचकांसमोर ठेवतो.

प्रथम मापाविषयी. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडी साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर भरते. द्रव्याची रचना अशा सूक्ष्म पातळीवर माणसाला हवी तशी करता येईल, हा विचार रिचर्ड फाइनमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५९ च्या डिसेंबरमध्ये एका व्याख्यानात मांडला. ‘नॅनोटेक्नॉलॉजी’ हा शब्द १९७४ मध्ये जपानचे नोरिओ तानिगुची यांनी रूढ केला. परंतु त्या विचाराला घरोघर नेले ते संगणकाच्या चिपने. १९७१ मध्ये इंटेल कंपनीने बाजारात आणलेल्या ४००४ या चिपवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचा एक अतिसूक्ष्म खटका. आजच्या चांगल्या फोनच्या चिपवर, नखाएवढ्या जागेत, असे एक हजार कोटींहून अधिक खटके बसवलेले असतात.

येथे व्यापारी वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. जाहिरातीत आपण ‘३ नॅनोमीटरची चिप’ असे वाचतो. ते आता प्रत्यक्ष मोजमाप राहिलेले नसून पिढी दाखवणारे व्यापारी नाव झालेले आहे. त्या चिपमधील घटक त्या आकड्यापेक्षा पुष्कळ मोठे असतात. मालावरील शिक्का आणि काट्यावरील वजन यांतील फरक आपल्या लोकांना निराळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

आपला देश या व्यापारात उशिरा उतरला, पण उतरला आहे. गुजरातमधील धोलेरा येथे टाटा समूहाच्या चिप कारखान्याची पायाभरणी १३ मार्च २०२४ रोजी झाली. मोहालीच्या सरकारी सेमीकंडक्टर प्रयोगशाळेत १८० नॅनोमीटर तंत्राने चिप तयार होतात. अवकाशयानांसाठी तेथे घडवलेली ‘विक्रम ३२०१’ ही चिप २ सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांना सादर करण्यात आली.

आपल्या सर्वांत जवळचे उदाहरण पवईचे आहे. आय.आय.टी. मुंबईतील प्राध्यापक उदयन गांगुली यांच्या चमूने मोहालीच्या प्रयोगशाळेबरोबर एक स्मृती-तंत्र सिद्ध केले. ही स्मृती एकदाच लिहिता येते. तिच्यात सिलिकॉन ऑक्साइडचा, मोजक्या अणूंच्या जाडीचा, पापुद्रा असतो. विजेच्या दाबाने तो एकदा भेदला की ती नोंद कायमची होते. जुन्या मुनीमजींची शिस्त येथे आठवते. रोजमेळात शाईने लिहिलेला आकडा खोडायचा नाही. चूक झाली असेल तर दुसरी नोंद करून ती दुरुस्त करायची. चिपची मूळ ओळख आणि गुप्त किल्ली अशा न पुसणाऱ्या जागी ठेवली, तर मागाहून तिच्यात फेरफार करता येत नाही.

याहून विलक्षण गोष्ट म्हणजे चिपचा अंगठा. एकाच साच्यातून, एकाच दिवशी निघालेल्या दोन चिपही अगदी सूक्ष्म पातळीवर तंतोतंत सारख्या नसतात. कोठे चार अणू कमी, कोठे चार अधिक, असा फरक राहतोच. कारखानदाराच्या दृष्टीने हा दोष. परंतु शास्त्रज्ञांनी त्या दोषाचाच उपयोग करून घेतला. या फरकांमुळे प्रत्येक चिप विद्युत-प्रश्नाला किंचित निराळे उत्तर देते आणि त्या उत्तरावरून ती ओळखता येते. तिची जुळी प्रत खुद्द बनवणाऱ्यालाही काढता येत नाही. माणसाच्या बोटावरील रेषांसारखेच हे आहे.

चांगल्या फोनमध्ये आता मुख्य चिपच्या आतच एक स्वतंत्र, बंदिस्त कप्पा असतो. ॲपलने २०१३ पासून आपल्या फोनमध्ये तो दिला आणि पुढे इतरांनीही तशा व्यवस्था केल्या. आपण फोनवर बोट टेकवतो तेव्हा त्या बोटाची नोंद बँकेकडे जात नाही. ती त्या कप्प्यातच राहते आणि बाहेर केवळ ‘जुळले’ अथवा ‘जुळले नाही’ एवढेच उत्तर येते. मला यावरून आपल्या नालासोपाऱ्याची आठवण होते. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील प्राचीन स्तूपाचे उत्खनन केले. त्यांना एक मोठी दगडी पेटी मिळाली. तिच्या आत तांब्याचा करंडक होता, त्याच्या आत आणखी लहान लहान करंडक एकात एक ठेवलेले होते, आणि सर्वांत आत सोन्याचा. मौल्यवान वस्तू एका आवरणाच्या भरवशावर ठेवू नये, ही समजूत या भूमीत दोन हजार वर्षांची आहे. फोनचे कुलूप, बँकेच्या ॲपचे कुलूप, यू.पी.आय.चा पिन आणि आतील बंदिस्त कप्पा ही त्याच प्रकारची आवरणे आहेत.

मात्र सूक्ष्मतेला स्वतःचे धोकेही असतात. २०१४ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि इंटेलच्या संशोधकांनी दाखवून दिले की संगणकाच्या स्मृतीतील कप्पे इतके दाटीवाटीचे झाले आहेत की एका ओळीला वारंवार, अतिवेगाने हात लावत राहिले तर शेजारच्या ओळीतील शून्याचा एक किंवा एकाचे शून्य होऊ शकते. चाळीत एका खोलीत अखंड कुटत बसावे आणि शेजारच्या भिंतीवरील तसबीर पडावी, तसा हा प्रकार. शेजाऱ्याच्या घरात पाऊल न टाकता त्याच्या वहीतला आकडा बदलणे असेच याला म्हटले पाहिजे. त्यानंतर स्मृती बनवणाऱ्यांनी नवे बंदोबस्त केले आणि संशोधकांनी त्यांतल्याही फटी दाखवल्या. फोनवर येणारी अद्ययावतीकरणाची सूचना अनेकांना कटकट वाटते. तिच्यातून कंपनी बहुधा अशा सापडलेल्या फटीच बुजवत असते. म्हणून ती पुढे ढकलू नये.

अशा बिघाडावरील एक जुना उपाय आपल्या पूर्वजांच्या हुंडीतही होता. हुंडीत रक्कम नुसती आकड्यात लिहीत नसत. ‘रुपये एक हजार, त्याचे निमे पाचशे, त्याची दुप्पट पूर्ण’ अशा धाटणीने ती पुन्हा लिहीत. कोणी एका जागी खाडाखोड केली तर दुसऱ्या जागी ती उघडी पडे. बँकांच्या आणि मोठ्या कंपन्यांच्या संगणकांतील स्मृती मूळ आकड्यांसोबत पडताळणीचे काही जादा अंक ठेवते, तिचे तत्त्व हेच. शाहजोग हुंडीचा नियम तर याहून बोलका होता. ती कोणीही आणून दिली तरी पैसे पेठेत पत असलेल्या शाहालाच आणि चौकशी करून द्यायचे. कागद खरा आहे एवढे पुरेसे नसे. कागद आणणारा कोण, हेही पाहावे लागे.

हा दुसरा नियम विसरला की काय घडते, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच घडले. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ मध्ये स्थापन झालेली जुनी संस्था. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत तिच्याकडून ९४ कोटी ४२ लाख रुपये लांबवण्यात आले. एकाही तिजोरीला धक्का लागला नाही. एटीएममधून पैसे देण्यापूर्वी यंत्र बँकेच्या मध्यवर्ती व्यवस्थेला ‘द्यावेत काय?’ असे विचारते. चोरट्यांनी घातक संगणक-आज्ञावली घुसवून मधल्या मार्गावर आपलाच एक तोतया बसवला, आणि तो प्रत्येक प्रश्नाला ‘द्या’ म्हणत राहिला. बनावट कार्डे घेऊन निरनिराळ्या देशांत, एकूण २८ देशांत, माणसे एटीएमसमोर उभी होती. याखेरीज सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळवण्यात आले. या प्रकरणात पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवले. ती मुख्यतः एटीएमवर उभी राहून पैसे काढणारी माणसे होती.

बनावट कार्डाचा धंदा फोफावला होता तो चुंबकीय पट्टीमुळे. पट्टीवरील मजकूर दर वेळी तोच असतो, म्हणून त्याची नक्कल सहज निघते. रिझर्व्ह बँकेने चुंबकीय पट्टीची जुनी कार्डे बदलून चिपची कार्डे देण्यास ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत दिली होती. चिप प्रत्येक व्यवहाराला नवा सांकेतिक आकडा तयार करते आणि कालचा आकडा आज चालत नाही. आमच्या तारेच्या कोष्टकांचे पुस्तक त्या सोनेरी चौकोनात जाऊन बसले आहे, असे मी माझ्या जुन्या सहकाऱ्यांना सांगतो.

येथवर वाचून कोणी म्हणेल की मग चिंता कसली? चिंता अशी की, कुलूप इतके बळकट झाल्यामुळे चोराने कुलपाचा नाद सोडला आणि किल्ली बाळगणाऱ्या माणसाला गाठले. गेली काही वर्षे मी आमच्या परिसरातील ज्येष्ठांना फोन व बँकेच्या व्यवहारांतील शंकांबाबत मदत करतो. ज्या ज्या घरांत पैसे गेले, त्यांपैकी एकाही घरात चिप फुटलेली मी पाहिली नाही. सर्वत्र मालकाने स्वतःच्या हाताने दार उघडून दिले होते. कोठे ‘लग्नपत्रिका’ म्हणून आलेली एपीके फाइल उघडली गेली आणि तिने फोनवरचे संदेश परस्पर वाचले. कोठे पुरवठादाराच्या नावाने ‘आमचे खाते बदलले आहे’ असा निरोप आला आणि मालाचे पैसे भलत्याच खात्यात गेले. कोठे पैसे ‘मिळण्यासाठी’ पिन घातला गेला. वस्तुतः यू.पी.आय.चा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही.

एक हकिगत संबंधितांच्या संमतीने, नावगाव न सांगता देतो. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत माल पुरवणारी एक जुनी पेढी आहे. तिचे वडीलधारे शेठ सत्तरीला आलेले, हिशेबाला चोख, बाजारात शब्दाला वजन असलेले गृहस्थ. त्यांना एके सकाळी फोन आला. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत, तुम्हाला ‘डिजिटल अटक’ झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचे नाही, घरात कोणाशी बोलायचे नाही. पडद्यावर गणवेशातला माणूस दिसत होता. शेठ दोन दिवस आपल्या खोलीत बसून होते. घरच्यांना वाटले, प्रकृती बरी नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी बँकेत जाऊन मुदत ठेव मोडली. काउंटरवरील मुलीने आपुलकीने विचारलेही, “काका, एवढी रक्कम एकदम कशाला?” पलीकडून पढवल्याप्रमाणे त्यांनी जमीन घेत असल्याचे सांगितले. नातीच्या लग्नासाठी ठेवलेली ती ठेव होती.

यापुढील भाग मला अधिक क्लेशदायक वाटतो. फसवणूक झाली हे शेठना त्याच संध्याकाळी उमगले होते. तरीही ते नऊ दिवस गप्प राहिले. अखेर पेढीचा हिशेब पाहणाऱ्या सूनबाईंना बँकेच्या उताऱ्यात ती नोंद दिसली. त्या सासऱ्यांसमोर बसल्या आणि म्हणाल्या, “पप्पा, पैशाचे आपण नंतर पाहू. तुम्ही आधी जेवून घ्या.” तेव्हा ते बोलते झाले. तक्रार करण्यासाठी मला सोबत नेले त्या दिवशी मी विचारले, “शेठ, त्याच रात्री का नाही सांगितलेत?” ते म्हणाले, “साहेब, पैसे कमावले तसे गेले. पण बाजारात नाव निघाले असते की अमक्यांच्या म्हाताऱ्याला कोणी फोनवर लुटले. त्यात घरात नातीचे लग्न.” तोवर रक्कम अनेक खात्यांतून फिरून निघून गेली होती. अगदी थोडा भाग गोठवलेल्या स्थितीत सापडला.

व्यापारी समाजात पत हेच भांडवल असते, हे मला ठाऊक आहे. परंतु चोरांनाही ते ठाऊक आहे. आपण लाजेने गप्प बसू, हा त्यांच्या हिशेबातील जमेचा आकडा आहे. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन केला की तक्रार नोंदवून ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेला आणि तेथून पुढे गेले असतील तर पुढच्या बँकेला कळवले जाते, व जेथे रक्कम शिल्लक सापडेल तेथे ती रोखून धरली जाते. पहिल्या तासात शिल्लक सापडण्याची शक्यता असते. नवव्या दिवशी जवळजवळ नसते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाचा गाभाही वेळ हाच आहे. चूक ग्राहकाची नाही व बँकेचीही नाही, व्यवस्थेत अन्यत्र आहे, अशा अनधिकृत व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकावर बोजा नाही. चार ते सात दिवसांत कळवले तर मर्यादित बोजा. स्वतःच पिन वा ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे प्रत्येक स्थितीत लवकर बोलणाराचे कमी जाते.

‘डिजिटल अटक’ नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. खुद्द पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे देशाला सांगितले. बँकांच्या संकेतस्थळांचा पत्ता आता ‘डॉट बँक डॉट इन’ असा संपू लागला आहे. तेवढी अक्षरे पाहण्याची सवय घरातील प्रत्येकाला लावावी. पुढील काळात क्वांटम संगणक आजची सांकेतिक कुलपे उघडू शकतील, अशी चर्चा असते. त्यासाठी नवी कुलपे तयार करण्याचे काम सुरू असून अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांची पहिली मानके प्रसिद्धही केली आहेत. ती चिंता शास्त्रज्ञ आणि बँका वाहतील. आपल्या वाट्याची कामे साधी आहेत.

पहिले, मोठ्या रकमेला घरात दोन किल्ल्या असाव्यात. ठरावीक आकड्यावरची कोणतीही रक्कम घरातील दुसऱ्या माणसाला सांगितल्याखेरीज पाठवायची नाही, मग ती पाठवणारा घरातील कितीही वडीलधारा असो. बँका चालू खात्यात एकाने नोंद करायची व दुसऱ्याने मंजुरी द्यायची, अशी सोय देतात. पेढीने ती अवश्य घ्यावी. दुसरे, पुरवठादाराचे खाते बदलल्याचा निरोप आला तर निरोपातील क्रमांकावर नव्हे, आपल्या जुन्या वहीतील क्रमांकावर फोन करून खात्री करावी. शाहजोग हुंडीची चौकशी ती हीच. तिसरे, रोजमेळ रोजच मिळवावा. महिन्याने मिळवला तो रोजमेळ नव्हे. त्यात बँकेचा उताराही दररोज पाहिला जावा.

आणि चौथे, जे कोणत्याही प्रयोगशाळेत घडवता येणार नाही. घरात अशी बोली असावी की फसलेल्या माणसाला त्या रात्री कोणी रागावणार नाही. ‘तुम्हाला एवढेही कळले नाही का’ हे वाक्य ज्या घरात उच्चारले जाते, त्या घरातील आजोबा, काकी किंवा कॉलेजातला मुलगा पुढच्या वेळी गप्प बसतो आणि त्याच्या मौनाची किंमत रुपयांत मोजावी लागते. सूनबाईंचे ते वाक्य नऊ दिवस आधी उच्चारले जाण्यासारखे वातावरण त्या घरात असते, तर नातीची ठेव कदाचित वाचली असती. आता त्या घरात रात्री जेवणानंतर पाच मिनिटे सर्वजण आपापल्या फोनवर दिवसभरात आलेले विचित्र निरोप एकमेकांना वाचून दाखवतात. शेठ स्वतः सर्वांत आधी वाचतात. लग्नही ठरलेल्या तिथीला, थोडे साधेपणाने, आनंदात पार पडले.